शुक्रवारी आलेला नंबर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. लेकापुढे नाही, सुनेपुढे नाही, देवापुढेसुद्धा नाही. मी चौथी शिकलेली बाई, लिहिताना हात अडखळतो. पण बसलेच आहे, तर लिहिते.

माझी नात कोमल कॉलेजकडून सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेली होती. तिथली फी माफ, राहणं-खाणं आपलं. मालक रेल्वेत होते. ते गेल्यावर आलेला पैसा माझ्या खात्यात होता. मीच म्हटलं, पोरीला यातून द्या. सगळ्या गावात, जऊळक्यात, सांगत फिरले — नात माझ्या पैशावर शिकते म्हणून. लेक गजू रोज वाशीमला नोकरीला जातो. तो त्याच्या मोबाइलवरून पैसे पाठवायचा आणि बँकेचा सहा आकड्यांचा नंबर यायचा माझ्या फोनवर. मी तो वाचून सांगितला की पैसे जायचे. माझं काम एवढंच. आकडे मला वाचता येतात — चांगले येतात.

कोमल हिशेबाची पक्की होती. भात घरीच शिजवायची. थंडीचा कोट घेतला, तोही कोणीतरी वापरलेला.

त्या शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. जुनी खोली सोडून ती वसतिगृहात जाणार होती, आणि डिपॉझिट त्याच दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत भरायचं होतं. बापाला तिनं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. मी सहज विचारलं, एवढं डिपॉझिट कायचं वं? ती घाईत होती. "राहू दे ना आजी, तुले नाई समजत त्यातलं."

हसत म्हणाली. एवढंच.

गजूनं पैसे टाकायला संध्याकाळ केली; तिकडे अजून दुपारच होती. मी नुकताच दिवा लावला होता. फोन वाजला.

"माय, आला काय नंबर?"

"नाई आला."

"पाह्य ना नीट. थांब, पुन्हा पाठवतो."

पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हटलं. तो बँकेला शिव्या देत बसला, आणि तो घरी यायच्या आत मी दोन्ही मेसेज पुसून टाकले.

आमच्याकडे शुक्रवारी दिवे लागल्यावर लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. मी रीत पाळली — हेच मी मनाला सांगत आले. खोटं आहे. दिवे लागल्यावर मी दूधवाल्याला पैसे दिले नाहीत काय? शुक्रवारीच दिले आहेत. मला त्या पोरीला अडवायचं होतं. नाही ना समजत मला? मग चालव माझ्याशिवाय — असं मनात आलं आणि तोंडातून 'नाई आला' निघून गेलं. किती सहज निघालं! माझा आवाजसुद्धा हलला नाही. आपण अशी बाई आहोत हे साठी उलटल्यावर कळावं?

आजची रात्र मैत्रिणीकडे जाते, असं कोमल गजूला म्हणाली होती. बँकच बंद पडली असं धरून गजू सकाळपर्यंत थांबला. मलाही वाटलं, सकाळी देऊ. काय होते एका रात्रीनं?

सकाळी दिला नंबर. तोवर खोली दुसऱ्याला गेली होती. जुन्या खोलीची चावी तिनं परत केलेली, मैत्रीण गावाला गेलेली. रात्र तिनं स्टेशनच्या बाकावर काढली होती. बाहेर बर्फ पडत होता. जरा डोळा लागला आणि बॅग गेली — लॅपटॉप, परीक्षेसाठी केलेलं काम, सगळंच. दुपारी सुनेच्या फोनवर तिचा चेहरा दिसला. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. आणि ती मला म्हणते, "आजी, तू जिवाले लावून नको घेऊ. बँकेची चूक हाय, तू काय करशीन?"

परक्या मुलखात पोरगी रात्री कुठे जाईल — हे मला सुचलंच कसं नाही?

ती परत आली. पुढच्या वर्षी तिला तिथंच दोन वर्षं शिकायला बोलावणं आलं. गजू म्हणाला, "तुले पैसा सांभाळता येत नाई. कोट घेत बसली, बॅग घालवली. जे शिकायचं ते इथंच शिक." ती रडली नाही, मान खाली घालून उभी राहिली. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. तेव्हा कोणती रीत आड येत होती?

कोमल आता अकोल्याला नोकरी करते. पगार झाला की सगळा बापाच्या हाती देते. "बाबा, तुमीच ठेवा. माझ्याजवळ नाई टिकत." पोर हे खरं धरून बसली आहे. परवा माझ्यासमोरच म्हणाली. मी ऐकलं, आणि ताटं घ्यायला उठले.