अण्णांची मिसळ आणि गाड्याबंद गल्ली

आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारत पुरी व्हायला वर्षं लागतात, किस्से मात्र चहा येईपर्यंत तयार होतात. नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या ऑफिसात जे साठले, त्यातले निम्मे एकट्या अण्णांचे!

अण्णांचं जुन्या नाशकात एका गल्लीत मिसळीचं हॉटेल होतं. शेजारची दुकानं एकेक करून बंद पडली आणि गल्ली ओस पडली. मनमाडचे सासरे म्हणायचे, "हॉटेल सोडा, मनमाडला या, स्टेशनवर कॅन्टीन बघा." मनमाडचं नाव काढलं की अण्णांना ठसका लागायचा. म्हणून ते आमच्या बर्वे सरांकडे आले. सरांचा बेत ठरला: हॉटेल नवं बांधायचं आणि महापालिकेची परवानगी काढून अख्खी गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी!

नकाशा पाहून अण्णा जाम खूश. "रस्त्यावर एवढी गोल टेबलं? वा!"

"अण्णा, ती झाडं आहेत. वरून तशीच दिसतात," सर म्हणाले.

"झाडं मिसळ खातात का हो?"

\*

मग थर्माकोलचं मॉडेल केलं. गल्लीत नखाएवढी माणसं लावली. कोणी बाकावर, कोणी फिरतंय. अण्णांनी येऊन हॉटेलचं छप्पर उचललं आणि एकेक माणूस उपटून आत ठेवला!

"अहो, ती फिरायला आलीयत!" सर कळवळले.

"झालं फिरून. आता भूक लागली असंल त्यांना."

सर माणसं बाहेर काढायचे, अण्णा आत कोंबायचे. शेवटी छप्पर बसेना.

\*

उद्घाटनाच्या सकाळी गल्ली चकाचक. झाडं, बाकं, फरशी, आणि माणूस एक नाही! अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सवय व्हायला वेळ लागेल," सर म्हणाले.

"सर, नाशिककर आधी दारातल्या गाड्या बघतो, मग आत शिरतो. गाड्या नाय म्हणजे चव नाय! आणि तुम्ही गाड्याच बंद केल्या!"

मला दोघांचीही दया आली.

अण्णांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं आणि त्यांच्या स्कूटर गल्लीच्या तोंडाशी, बंदीच्या पाटीबाहेर, ओळीनं लावून घेतल्या. येणारे-जाणारे थबकायला लागले. "लय गाड्या हायेत, मिसळ भारी असंल!" म्हणत तेही तिथंच गाडी लावून चालत आत यायला लागले.

दुपारपर्यंत हॉटेल भरलं, मग गल्ली भरली. लोक बाकांवर प्लेटी घेऊन बसले. थेट सरांचं मॉडेल! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. बाकावरच्या एका गृहस्थाला दंडाला धरून आत न्यायला लागले. दारातून पाऊल टाकायला जागा नव्हती. अण्णा वर बघून ओरडले,

"सर, जरा छप्पर उचला!"