टोपली कुठे ठेवू?

कुसुमताई साळवे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, असे मी सर्वांना सांगतो. ताईंचे म्हणणे असे, की त्यांनी भांडण केलेच नव्हते, फक्त एक प्रश्न विचारला होता. ज्यांनी ताईंचे प्रश्न ऐकले आहेत त्यांना ठाऊक आहे, की दोन्हीत फारसा फरक नसतो.

आमच्या स्टेशनाच्या नूतनीकरणाचे काम तेव्हा नुकते सुरू झाले होते. चहूबाजूंनी निळे पत्रे लागले होते आणि नव्या स्टेशनाचे एक भलेमोठे रंगीत चित्र दर्शनी भागात टांगले होते. मी अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हाताशी वेळ भरपूर आणि स्वभाव मुळात तक्रारखोर. त्या चित्रासमोर उभा राहून मी चार अनोळखी माणसांना सांगत होतो, की या लोकांनी गावाचे पार वाटोळे केले. शेजारी सुती साडीतल्या एक उंच बाई चित्र निरखत होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं नेमकं काय वाटोळं झालं?"

मी गडबडलो. बराच विचार केल्यावर माझ्या तोंडून निघाले, की माझा चहावाला पत्र्याच्या पलीकडे गेलाय.

"मग तसं सांगा ना," ताई म्हणाल्या. "आणि हे बघितलंत का? या चित्रात एवढी माणसं आहेत, पण एकाच्याही हातात पिशवी नाही. कुठून येत असतील हे लोक?"

त्या दिवसापासून आजवर मी त्यांच्या मागे फिरतो आहे. सौभाग्यवती म्हणते, निदान घरातली तक्रार तरी कमी झाली.

ताईंचे बालपण बुवापाड्यातल्या एका खोलीत गेले. वडील कारखान्यात कामाला होते. बौद्ध कुटुंब, घरात पुस्तके थोडी, पण शिकण्याचा आग्रह मोठा. वडील मुलांना सांगत, "ऐकलंस ना? आता बघून ये." पुढे ताई भूगोलाच्या शिक्षिका झाल्या आणि त्यांनी हेच वाक्य विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना ऐकवले. त्यांचे विद्यार्थी ताईंच्या या गौरवग्रंथात त्याविषयी लिहितीलच. मी स्टेशनापुरते लिहितो.

काम सुरू झाल्यावर आम्ही काही प्रवाशांनी मिळून एक मंडळ काढले. लोकांना काय वाटते ते विचारायचे आणि वर कळवायचे, एवढाच उद्देश. विचारण्याचे काम ताईंनी आपणहून घेतले. त्यांच्याबरोबर उभे राहून लोकांची उत्तरे ऐकणे ही मला मिळालेली मेजवानीच होती. उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले शेठ म्हणाले, "मॅडम, पहिले पार्किंग. बाकी सब बाद में. गाडी कुठे लावू, डोक्यावर?" कॉलेजच्या पोरी म्हणाल्या, "सरकता जिना भारी आहे, पण तो चालू कधी असतो, बोलो ना!" बेलवलीच्या एका आजोबांना जुन्या स्टेशनाचे छप्परच आवडायचे. का, ते त्यांना सांगता येईना. ताईंनी त्यांनाही अर्धा तास दिला. आम्हाला बाकीच्यांना उत्तर मिळाले की संपले. ताईंचे कुतूहल तिथून पुढे सुरू व्हायचे.

जुन्या तिकीटघराला लागून एक दगडी भिंत होती. साधारण छातीइतकी उंच, वरून सपाट. पानाच्या पिचकाऱ्या आणि फाटकी पोस्टरे यांनी ती इतकी विद्रूप झाली होती, की आमच्या मंडळाच्या निवेदनात ती पाडण्याची मागणी एकमताने घातली गेली. ताईंचीही त्याला संमती होती. आमच्या निवेदनातली तेवढी एकच मागणी तातडीने मान्य झाली. आठवड्यात भिंत गेली आणि तिथे चकचकीत स्टीलचे कठडे आले. आम्ही पेढे वाटले.

त्या भिंतीशी पूर्वीपासून वांगणीकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एक ठाकर बाई बसत, ताराबाई. रानभाज्या, आवळे, करवंदे, ज्या दिवसांत जे मिळेल ते. सकाळी स्टेशनात थोडे विकून उरलेली टोपली डोक्यावर घ्यायच्या आणि कॉलन्यांतून दारोदार फिरायच्या. ताईंनी त्यांनाही विचारले होते, "नवीन काम कसं वाटतं?"

"चांगला हाय, बाय," ताराबाई म्हणाल्या होत्या.

पण नवे कठडे लागले आणि ताराबाई येईनाशा झाल्या. मी म्हटले, आजारी असतील, शेतीची कामे असतील. ताई काही ऐकायला तयार नव्हत्या. "चांगलं आहे म्हणाल्या, मग येत का नाहीत?" हा प्रश्न त्यांनी मला जिन्यावर विचारला, रिक्षात विचारला, आमच्या घरी पोहे खाता खाता विचारला.

त्याच सुमारास सोनिवलीच्या नव्या वसाहतीत माझ्या पुतण्याच्या घराची वास्तुशांत होती. ताई आमच्याबरोबर आल्या. पुतण्याने कौतुकाने सगळे घर दाखवले. स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. पाहुणे एकामागून एक म्हणत होते, "छान झालंय हो घर!" ताईही तेच म्हणाल्या. परतताना आम्ही रिक्षात बसलो. ताई एकदम म्हणाल्या, "मोरेभाऊ, मी आज खोटं बोलले. त्या स्वयंपाकघरात फोडणी दिली तर माणूस गुदमरेल."

मी म्हटले, "अहो, वास्तू तथास्तु म्हणत असते. नव्या घरात वाईट बोलू नये."

"माझा वास्तूवर विश्वास नाही, तथास्तूवर नाही. तरी खरं बोलायला जीभ वळली नाही!" आणि मग माझा दंड धरून, "भाऊ, आपण अख्ख्या गावाला वास्तुशांतीच्या दिवशी विचारत फिरतोय, घर कसं आहे म्हणून. कोण खरं सांगेल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ताईंना तो चढ जड जात होता. मी पिशवी मागितली, ती त्यांनी दिली नाही. ताराबाई अंगणात पत्रावळी लावत बसल्या होत्या. या खेपेला ताईंनी 'कसं वाटतं' हे शब्द उच्चारलेच नाहीत. त्यांनी विचारले, "ताराबाई, तुम्ही स्टेशनात यायचात, तेव्हा गाडीतून उतरल्यापासून काय काय करायचात? सगळं सांगा."

ताराबाईंना याची गंमत वाटली. सांगू लागल्या, "काय करनार? जाऊ व्हती संगती, तवा तिनं उतरवायचा टोपला. ती आता येत नाय. मंग मी भिताडाव ठेवायची. इकायचा तेवढा इकायचा, परत भिताडावरनं डोक्याव घ्यायचा नि जायचा."

"आणि आता?"

ताराबाईंनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. "भुईव ठेवला तर एकटीला उचलत नाय, बाय. कुना बाप्याला हात मागायचा? दोनदा मागला. नाय बरा वाटला. ऱ्हाऊ दे म्हनलं."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"नव्या कामाला खोट काढाची नसते, बाय. तुमी एवढ्या हौशीनं इचारलंत."

परतीच्या वाटेवर ताई एवढेच म्हणाल्या, "आपण भिंत नाही पाडली, भाऊ. त्या बाईंची जाऊ पाडली." आमच्या पेढ्यांची चव मला तेव्हा कळली.

त्यानंतर आम्ही टोपली टेकवायला जागा हवी, म्हणून निवेदने दिली. ती कुठे गेली ते विचारू नका. अखेर कामाच्या पाहणीसाठी एक साहेब येणार असल्याचे कळले. त्या सकाळी ताराबाईंना ताईंनी मुद्दाम बोलावून घेतले आणि त्यांची भरलेली टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी आणि ताराबाई दोघांनी मिळून ती चढवली, तेव्हा तिचे वजन मला समजले. पंच्याहत्तरीला टेकलेल्या निवृत्त शिक्षिका चुंबळ, टोपली, आवळे यांसह स्टीलच्या कठड्याशी ताठ उभ्या राहिल्या. साहेब आले. ताईंनी बोलायला सुरुवात केली. साहेब भले गृहस्थ होते, त्यांनाच ते बघवेना.

"बाई, आधी ती टोपली खाली ठेवा. मग निवांत बोलू."

ताई म्हणाल्या, "कुठे ठेवू?"

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कठडा गुळगुळीत, गोल. बाकडे गुडघ्याइतके. ते मदतीला हात पुढे करू लागले, तेव्हा ताई एक पाऊल मागे सरल्या. "तुम्ही रोज येणार आहात का, साहेब?" त्यांच्या मानेची शीर उडत होती. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, खोटे कशाला सांगू? साहेबांनी तिथेच ठेकेदाराच्या माणसाला बोलावले आणि टोपली टेकेल असा कट्टा बांधायला सांगितले.

ताईंच्या या स्वभावाचा अनुभव मी घरीही घेतला आहे. माझ्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले, तेव्हा येणारा प्रत्येक जण विचारी, "वहिनी कशा आहेत?" मी म्हणे, "बऱ्या आहेत." ताई आल्या आणि त्यांनी विचारले, "सकाळची भांडी कोणी घासली?" मी मोरीकडे पाहिले. त्या पदर खोचून मोरीत गेल्या. मी दाराशी उभा राहून रडलो. पाण्याचा नळ चालू होता म्हणून कुणाला ऐकू गेले नाही, अशी माझी समजूत आहे.

तर, कट्टा झाला. दगडी, वरून सपाट, नव्या प्रवेशद्वाराच्या बाजूला. ताराबाई पहिल्या दिवशी आल्या, टोपली टेकवली, हाताने दगड चाचपला. ताईंनी सवयीने विचारले, "कसा झालाय?" आणि लगेच जीभ चावली.

ताराबाईंनी ताईंकडे पाहिले, कट्ट्याकडे पाहिले. म्हणाल्या, "बोटभर उंच झालाय. गवंड्यानं माप तुमचा घेतला, बाय. तुमी उंच. मी बुटकी."

ताईंना तेवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिलेला नाही. स्टेशनभर ऐकू जाईल अशा त्या हसल्या. "भाऊ, ऐकलंत? खोट काढली! आमच्या कामाला खोट काढली!" ताराबाई आता पायाखाली एक फरशी घेतात आणि त्यांचे निभते.

गौरवग्रंथ हीदेखील एक वास्तुशांतच असते. येथे प्रत्येक जण 'छान, छान' म्हणणार. पण ताईंनी मला जे शिकवले, त्याला जागायचे तर एक खोट मला काढलीच पाहिजे. ताई, तुम्ही दुसऱ्याचे ओझे कुठे टेकेल हे शोधत हिंडता आणि स्वतःची पिशवी कुणाच्या हाती देत नाही. पाड्याच्या चढावर दिली नाहीत, नव्या स्टेशनाच्या जिन्यावर देत नाही, गुडघा धरून मधल्या पायरीवर थांबता तेव्हाही देत नाही. हे बरोबर नाही.

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, प्रश्न कधी न संपोत. आणि उद्या सकाळी मी जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा असेन. तुम्ही विचारण्याआधीच सांगून ठेवतो, पिशवी इथे ठेवा.