तिनं लिहिलेलं ‘नाही’

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. एक-दोनदा तोंडापर्यंत आलं होतं — मग मी दुसरंच काही विचारलं, भाजी काय केलीस वगैरे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

मी मुर्रीला राहतो, गोंदियाच्या अगदी कडेला. धंदा सॉफ्टवेअरचा — राइस मिलचे हिशेब, दुकानांची बिलं, आणि शहरातल्या एका खाजगी दवाखान्याचं पेशंटचं रेकॉर्ड. त्यातलं दवाखान्याचं काम माझं लाडकं. पेशंटबद्दलच्या सूचना मराठीतच टाइप करायच्या, हा हट्ट माझा. नर्सबाया मराठी पटकन वाचतात, चूक व्हायची नाही — असं मीच डॉक्टरसाहेबांना पटवलं होतं.

त्या सूचना टाइप करायला प्रज्ञा होती. दवनीवाड्याहून रोज बसनं यायची. आई-बाप दुसऱ्यांच्या धानात राबणारे. महिन्याचा पगार आणणारी घरात ती पहिली. कम्प्युटर तिला मीच शिकवला होता. हळू टाइप करायची, पण नीट करायची.

आता माझ्या फुशारकीचं सांगतो — त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा प्रोग्राम डेटाबेसमधला मजकूर आणायचा तो एका ओपन सोर्स लायब्ररीमार्फत. म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला कोड, कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. त्यातला मजकूर वाचण्याचा भाग जरा हळू चालायचा. मी तो वेगवान करून पाठवला — आणि त्यांनी तो घेतला! गोंदियात बसून लिहिलेल्या माझ्या ओळी कुठं कुठं चालत असतील, या विचारानं मी कितीतरी दिवस तरंगत होतो. ती नवी लायब्ररी सगळ्यात आधी बसवली ती दवाखान्यात. तपासली का? तपासली ना. इंग्रजीत.

थोड्याच दिवसांत बिड्या वळणारी एक बाई तिथं भरती झाली, पायाची जखम चिघळली म्हणून. तिला पेनिसिलिनचा त्रास होतो, हे तिच्या नवऱ्यानं आल्याआल्या सांगितलं. प्रज्ञानं टाइप केलं — ‘पेनिसिलिन चालत नाही’. वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसलं फक्त ‘पेनिसिलिन चालत’. नर्सला वाटलं, वरचा अनुस्वार राहिला असेल. चालतं म्हणताहेत, म्हणून टेस्ट न करताच इंजेक्शन दिलं.

बाईचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. नागपूरला हलवावं लागलं. वाचली ती — हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दुपारी कुणालाच तशी खात्री नव्हती. तिचा नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होता, "आमी सांगतलं होतं ना जी. सांगतलं होतं."

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "सीधा बताओ, मशीन की गलती है या लड़की की?"

प्रज्ञा तिथंच उभी होती. "मी पुरं लिहिली होती, सर. ‘नाही’ लिहिली होती. कायले खोटं बोलू मी?"

पाहतो, म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

डेटाबेस थेट उघडला. तिचं वाक्य तिथं पूर्ण होतं — ‘पेनिसिलिन चालत नाही’. तेच वाक्य माझ्या प्रोग्राममधून मागवलं, तर ‘नाही’ गायब. आधी फॉन्टवर संशय घेतला. मग वॉर्डातल्या स्क्रीनवर. सगळ्यांवर घेतला, फक्त स्वतःच्या ओळींवर नाही. मग वाक्य लहान केलं, नीट आलं. लांब केलं, तुटलं. तेवढंच लांब इंग्रजीत लिहिलं — नीट आलं. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा पुरते; आपल्या अक्षराला तीन लागतात, मात्रेलाही वेगळे तीन. रकाना होता चाळीस अक्षरांचा, आणि मी जागा धरली होती चाळीस बाइटांची. ती ‘चालत’पाशी संपत होती. सूचना मराठीत लिहा म्हणणारा मी, आणि मराठीला जागा न ठेवणाराही मीच.

दुरुस्ती अगदी थोडी होती. केली.

इथपर्यंतची गोष्ट मी मनातल्या मनात कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी इथंच थांबवली आहे. कारण इथपर्यंत ती चूकच आहे ना — कुणाच्याही हातून होणारी? पुढचं तसं नाही.

रेकॉर्ड दाखव, असं डॉक्टर म्हणणारच होते. दुरुस्त केलेल्या प्रोग्राममधून प्रज्ञाचं वाक्य पूर्ण दिसलं असतं, आणि मग दोष कुणाचा हे विचारायचीही गरज उरली नसती. हे काम जाईल, गावात नाव जाईल — भीती वाटली. वाटली, एवढंच. मी डेटाबेसमधलं ते वाक्य उघडलं — आणि त्यातलं ‘नाही’ पुसलं. माझ्या हातानं. सेव्ह केलं. मग दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं.

"सॉफ्टवेअर ठीक आहे," मी म्हटलं. "टाइप करताना राहिलं असेल."

प्रज्ञानं जवळ येऊन, वाकून वाचलं. रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही — मला वाटतं, संशय घ्यायला मी तिला सुचलोच नाही.

त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. बाईच्या रेकॉर्डवर डॉक्टरांनी स्वतः नवी सूचना टाकली, ठळक, इंग्रजीत. आणि मी घरी येऊन ती दुरुस्ती लायब्ररीवाल्यांना पाठवली. सोबत लिहिलं — माझ्या बदलामुळं मराठी, हिंदीसारख्या भाषांतला मजकूर तुटतो आहे. चूक माझी आहे, माफ करा. उत्तरं आली. आभार आले. एकानं तर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ज्यांची तोंडं मी कधी बघणार नाही, त्यांच्यापुढं खरं बोलायला मला वेळ तरी किती लागला? समोरचा चहा निवायच्या आत लिहून झालं होतं.

दवाखान्याचं काम अजून माझ्याकडंच आहे.

प्रज्ञा मला मागच्या वर्षी दिसली, बाजारातल्या साड्यांच्या दुकानात. गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या, हे तिचं काम. मी बायकोबरोबर होतो. तिनं ओळखलं, हसली. बायकोला म्हणाली, "सरानं शिकवलं होतं मले कम्प्युटर." मी विचारलं, आता टायपिंग नाही करत? — कशाला विचारलं असेन मी ते?

"नाही सर. भेव वाटते." साडी मांडीवर घेऊन ती घडी घालत होती. "पहिले लय वाटे, का मी लिहिलीच होती. आईले सांगो, सगळ्याइले सांगो. पण तुम्ही दाखवलं ना मंग स्क्रीनवर. आता मलेच वाटते, इसरली असन मी. माह्यापायी त्या बाईचा जीव गेला असता."

मी म्हटलं, "होते असं कधी कधी."

बायकोनं निळी साडी पसंत केली. प्रज्ञानं ती पिशवीत घालून माझ्या हातात दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

ती विसरली नव्हती. वाक्य पूर्ण होतं. मी ते वाचलं होतं.