फाळक्यावरची यादी

टेम्पो कितीही झाडला तरी तळाला मूठभर भुसा राहतोच. परत भरा, परत झाडा, परत तेवढाच निघतो. आमच्या घोडीच्या किश्श्यांचं तसंच आहे. शनिवारी सामान भरायला घेतलं की एक निघतो, त्याच्यामागं दुसरा, आणि निघायला हमखास उशीर होतो. आमच्या गाड्याच्या मंडळींत मी सगळ्यात कमी बोलतो. चार माणसं माझ्याकडं बघायला लागली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहून काढतोय. शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडं चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेत बैलगाडे पळतात. पळायच्या चढाला आम्ही घाट म्हणतो, तिथं एकेक गाडा घड्याळ लावून सोडतात. बैलांच्या पुढं एक घोडी पळते आणि बैल तिच्यामागं जीव तोडून येतात. घोडी ढिली पडली की बैलही ढिले. आमच्यात गाडा तात्यांचा. तात्या म्हणजे मंचरजवळ कांदा-बटाट्याची शेती, पांढरी टोपी आणि बैलांपुढं दुसरं काही न सुचणारा माणूस. टेम्पो बाळूचा. घोडीवर मी. घोडीचं नाव चंद्री, कपाळावर पांढरा टिळा आहे म्हणून.

*

चंद्री मला पहिल्यांदा दिसली ती जुन्नरच्या पुढं एका लग्नात. पाठीवर नवरदेव, अंगावर आरशांची झूल, आणि बँडच्या तालावर अशी नाचत होती की वऱ्हाडी नवरदेवाकडं बघेचनात.

तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चंद्री नवरदेवासकट सुटली. मांडव मागं पडला, दोन शेतं मागं पडली, पाटावरून तिनं उडी मारली आणि एका कांद्याच्या चाळीपाशी जाऊन थांबली. नवरदेव मानेला मिठी मारून वरच होता.

सगळं वऱ्हाड धावलं. सगळ्यात आधी मी पोचलो. मागून नवरीचे मामा धापा टाकत आले आणि त्यांनी विचारलं, "लागलं का हो कुठं?"

मी खाली बसून हात फिरवून बघत होतो. म्हटलं, "नाही मामा. चारही पाय ठणठणीत आहेत."

*

तात्यांची जुनी घोडी त्या वर्षी थकली होती. मी तात्यांना आठ दिवस एकच गोष्ट सांगत होतो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "संप्या, तू इतका बोलतोयस म्हंजी घोडीत कायतरी असंल. चल बघू."

घोडी लग्नातल्या बँडवाल्यांची. त्या पावण्यांनाही नवरदेव पळवणारी घोडी नको झाली होती. सौदा ठरला. आम्ही नारळ नेला होता, हळदकुंकू नेलं होतं, भिजवलेला हरभरा नेला होता. पावण्यांनी चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. आमच्याकडं जनावर विकतात, दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही तिघंजण गेलो होतो आणि दावं एकानंही नेलं नव्हतं.

तात्यांनी खांद्यावरचं नवं उपरणं काढलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. घरी येईपर्यंत चंद्रीनं उपरण्याचं एक टोक खाऊन टाकलं.

बाळू म्हणाला, "तात्या, उपरणं गेलं."

तात्या म्हणाले, "पोटात गेलंय ना? मग आता ती घरचीच झाली."

पण घरची झाली असं म्हणायला अजून वेळ होता. निघताना तात्या पावण्यांना शब्द देऊन आले होते. हंगामातला शेवटचा रविवार म्हणजे आमच्याच गावची यात्रा. तोवर चंद्री एकदाही पहिल्या नंबरात आली नाही, तर ती पावण्यांनी आहे त्या किमतीत परत न्यायची. माझ्यापुढं पाच रविवार होते.

*

पहिला रविवार मी कधी विसरणार नाही. घाटाच्या खालच्या तोंडाला हलगी आणि सनई वाजत होती. आमची बारी पुकारली. बैल जुंपले. मी चंद्रीला पुढं घेतली. हलगी कडाडली आणि चंद्रीनं पुढचे दोन पाय उचलून नाचायला सुरुवात केली.

मी टाच मारली, ती गोल फिरली. मी लगाम ढिला सोडला, ती मान हलवायला लागली. बैल उभे राहून बघत होते. स्पीकरवर पुकारणारा म्हणाला, "गाडामालकांना इनंती हाय, नवरदेव आन् करवल्यांना लवकर पाठवून द्या."

अख्खा घाट हसला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि घोडीसकट आत जावं.

परत येताना बाळू म्हणाला, "संपतराव, तुमच्या लग्नाला भाड्याची घोडी आणायला नको, एवढं मात्र बरं झालं."

मंचर आलं तसं तात्यांनी टेम्पो थांबवायला सांगितला, मेडिकलमध्ये गेले आणि कापसाचं बंडल घेऊन आले. मांडीवर ठेवून म्हणाले, "ऐकू आलं न्हाई तर नाचंल कशी?"

*

तेव्हापासून मी यादी करायला लागलो. सामान राहिलं की मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून टेम्पोच्या फाळक्यावर आतल्या बाजूनं खडूनं लिहिलं. दावं एक. मोरखी. लगाम. खरारा. बादली. हरभरा. गूळ. घास दोन पेंढ्या. कापूस.

तात्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तोंडानं बोलत न्हाई, पर फाळक्यावर लई बोलतोय."

दुसऱ्या शनिवारी चंद्रीला फाळक्याजवळ बांधली होती. यात्रेच्या गावाला पोचून फाळका उघडला तर यादीतले 'हरभरा' आणि 'गूळ' हे शब्द चाटून साफ झालेले. दावं तेवढं शाबूत होतं.

बाळू म्हणाला, "वाचून खाती राव."

मग मी ऑइलपेंटनं लिहिलं.

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कळलं की चंद्री परगावचं पाणी पीत नाही. बादली पुढं केली की हुंगायची आणि तोंड फिरवायची. तहानेली घोडी काय पळणार? बैल तिच्या शेपटीला येऊन टेकले. तिसऱ्या रविवारी मी घरच्या विहिरीचं पाणी दोन कॅनमध्ये भरून नेलं. बाळूनं त्यातल्या एकाचा सगळ्यांसाठी चहा केला आणि दुसऱ्यात हातपाय धुतले.

मी रागावलो, पण बोललो नाही. यादीत 'पाणी' लिहिलं आणि पुढं 'चंद्रीचं' असं लिहून दोन रेघा मारल्या.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "अरं, घरच्या पाण्यात आठ दिस गूळ टाक. मंग तिकडच्या पाण्यात बी टाक. तिला गुळाची चव कळंल, गाव कळणार न्हाई."

तेवढंच केलं. चौथ्या रविवारी चंद्रीनं परक्या गावात दोन बादल्या रिकाम्या केल्या. तात्यांनी घरी येऊन आईला हात जोडले. आई म्हणाली, "मी नवी नांदायला आले तवा मला बी हितलं पाणी गोड लागत नव्हतं."

*

त्या चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी आणखी एक झालं. आईनं पंचवीस भाकरी, ठेचा आणि पिठलं बांधून दिलं होतं. ते गाठोडं बाळूनं घासाच्या पेंढीवर ठेवलं. नारायणगावच्या पुढं एका आंब्याखाली जेवायला थांबलो, तर गाठोड्यात ठेचा आणि पिठलं होतं, भाकर एकही नव्हती. चंद्रीच्या ओठाला पीठ लागलेलं होतं.

कुणी कुणाकडं बघेना. तात्यांनी हरभऱ्याची गोणी ओढली, भिजवलेल्या हरभऱ्याची ओंजळ भरली, त्यावर ठेचा घेतला आणि खायला बसले. आम्हीही बसलो.

तेवढ्यात दुसऱ्या एका गाड्याचे मालक त्यांच्या टेम्पोतून उतरून आले. "रामराम तात्या, काय जेवण चाललंय?"

तात्या म्हणाले, "घोडीच्या घरी पावणं आलोय. तिनं तिचं वाढलं ते खातोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्यात आलो. पहिल्यात नाही. पण त्याच मालकांनी बाळूला गुपचूप विचारलं, "तुमी जेवणात नेमकं काय घेता?"

*

चंद्रीला उभी करायचीही माझी एक रीत आहे. बाकीचे लोक घोडीचं तोंड केबिनकडं करून बांधतात. मी फाळक्याकडं करून बांधतो. बाळू चिडवायचा, "मागचं गाव बघत चाललीया."

एकदा अवसरीच्या फाट्यावर इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा मंचरपर्यंत बसला. केबिनमध्ये जागा नव्हती म्हणून माझ्याबरोबर मागं उभा राहिला. बारीक चष्मा, पाठीला बॅग. म्हणाला, "दादा, घोडी उलटी बांधलीय तुम्ही."

मी नुसती मान हलवली. मंचरच्या गर्दीत कांद्याचा ट्रक आडवा आला आणि बाळूनं कचकन ब्रेक मारला. पुढं तोंड करून उभा असलेला मुलगा केबिनवर जाऊन आपटला. चंद्री मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली, भुशाच्या गोण्यांना टेकली आणि परत उभी राहिली. तोंडातला घाससुद्धा पडला नाही.

मुलानं चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही कसं शोधून काढलं?"

म्हटलं, "मी पण आधी दोनदा तसाच आपटलो होतो. मग मी उलटा उभा राहिलो. म्हटलं, तिलाही तसंच बरं वाटत असेल."

त्यानं बॅगेतून वही काढली आणि हलत्या टेम्पोत लिहून घेतलं. खाली उतरल्यावर त्यानं मला 'सर' म्हटलं. बाळूनं ते ऐकलं. पुढं महिनाभर तो सगळ्यांना सांगत होता, "आमचं संपतराव आठवीतनं डायरेक कॉलेजात शिकवायला."

तो चिडवत होता. पण मला ते सारखं ऐकावंसं वाटायचं.

*

आता पाचवा रविवार. आमच्याच गावची यात्रा.

घाट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. घरच्या यात्रेला सामान कशाला भरायचं? आम्ही शनिवारी काहीच भरलं नाही. टेम्पो बाळूच्या दारात, फाळका बंद, यादी आत. चंद्रीला मी सकाळी चालवतच घाटावर नेली.

बँडवाले पावणे शब्दाप्रमाणं आले होते. खांद्यावर नवं कोरं दावं. नव्या घोडीला नाच येत नाही, गिऱ्हाइकं चंद्रीलाच मागतात, असं ते मोकळ्या मनानं सांगत होते. चंद्रीनं त्यांना ओळखलं आणि त्यांच्या खिशाला नाक लावलं. मी दुसरीकडं बघितलं.

आमची बारी जवळ आली. खाली हलगीवाल्यानं हलगी जाळावर शेकायला घेतली. मी खिशात हात घातला. कापूस नव्हता. बाळूकडं बघितलं, बाळूनं तात्यांकडं, तात्यांनी माझ्याकडं. तीन रविवार यादी वाचून कापूस नेला होता आणि घरच्या यात्रेला यादी कुणी वाचलीच नव्हती.

बाळू घराकडं पळाला. पण बारी पुकारली होती.

मी कडेला बायकांच्या गर्दीत आईला बघितलं. ती देवाला निघाली होती, हातात पूजेचं ताट. मला ओरडता येत नाही. पण त्या दिवशी मी घोडीवरून सगळ्या गावादेखत ओरडलो, "आई, कापूस."

आईनं ताटात बघितलं. रात्रभर बसून वळलेल्या वातींचा पुडा होता. ती गर्दीतून वाट काढत आली, वाती उलगडल्या, कापूस सैल केला आणि माझ्या हातात दिला.

तात्या म्हणाले, "अवो, देवाच्या वाती."

आई म्हणाली, "देवाला मी सांगते. तुमी बैलं धरा."

कापूस कानात बसला. हलगी कडाडली. चंद्रीनं कान हलवले आणि समोर बघितलं. मग मला फक्त वारा आठवतो आणि मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. तो आवाज कमी होत गेला नाही, की फार जवळही आला नाही. शेवटपर्यंत तेवढाच राहिला. वर पोचलो तेव्हा घड्याळवाल्यानं आकडा सांगितला आणि स्पीकरवाल्यानं तो दोनदा पुकारला. गाडा पहिल्यात.

मी खाली उतरून चंद्रीच्या कानातला कापूस काढला. हलगी अजून वाजतच होती. चंद्री नाचायला लागली. या वेळी तिला कुणी थांबवलं नाही. हसलेही सगळे, पण ते हसणं वेगळं होतं. तात्यांनी टोपी काढून गुलाल झटकला आणि परत घातली. तेवढ्यात बाळू मेडिकलचं बंडल घेऊन धापा टाकत आला आणि त्यानं विचारलं, "कुठं लावायचा?"

पावणे पुढं आले. "पळाली तात्या. तुमचा शब्द मोकळा. येतो मी."

तात्यांनी त्यांच्या खांद्यावरचं दावं हातात घेतलं. पीळ बघितला, गाठ ओढून बघितली. "कुठनं घेतलं?"

"जुन्नरच्या बाजारातनं."

"चांगलं वळलंय." तात्यांनी ते माझ्या खांद्यावर टाकलं. पावणे हसले.

"संपत, रंग उरलाय का?"

म्हटलं, "आहे थोडा."

"फाळक्यावर दावं किती लिवलंय?"

"एक."

तात्या म्हणाले, "दोन कर."