लसूण आणि शेजारची रिकामी सीट

कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मला रोजची एक गोळी लिहून दिली. उठता उठता बायकोनं विचारलं, "लसूण दिला तर चालेल का?"

"थोडा उपयोग होतो. पण गोळी सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले.

गोळी मी धरली, लसूण तिनं धरला.

ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं आमच्याकडं कुठलाही प्रयोग अर्धवट राहत नाही. पेठ वडगावच्या बाजारातनं गावठी लसूण आला. सकाळी चहाआधी ती पाकळ्या ठेचून थोडा वेळ ठेवायची, म्हणजे त्यांचा गुण उतरतो म्हणे, आणि मग मी त्या पाण्याबरोबर गिळायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

"तांबडा रस्सा वाट्या वाट्या पिताय, आणि एवढ्याशा लसणाला रडताय व्हय?" ती म्हणायची.

मी कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कित्येक वर्षं आमचा सुपरवायझर बसायचा. एके दिवशी त्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "डब्यात काय हाय?"

"डब्यात न्हाय, पोटात हाय."

दुसऱ्या दिवशी तो मागच्या सीटवर गेला. मी उपाय म्हणून लवंग चघळायला लागलो. तर लवंग आणि लसूण मिळून असा वास सुटला, की पुढचे लोक मटणाच्या गोष्टी काढायला लागले.

संध्याकाळी परतताना आम्ही काही जण नाक्यावर उतरून तेलाची तर्री असलेल्या रश्श्यात बुडवलेला कट-वडा खायचो. आता मंडळी मला न सांगताच उतरायला लागली. मी खिडकीतनं बघत राहायचो. वाईट वाटायचं, पण हाक मारायची तर तोंड उघडावं लागणार. मग सरळ घरी जाऊन भाजी-भाकरी खायचो.

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल उतरलेलं निघालं.

"लसणाचा गुण," बायको म्हणाली.

"गोळीचा," डॉक्टर म्हणाले.

लसणाच्या वासापायी नाक्यावरचा कट-वडा बंद झाल्याचं मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज खात होता?"

"रविवार सोडून."

"रविवारी काय?"

"रविवारी मटण."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग बायकोला म्हणाले, "वहिनी, लसूण जेवणातनंच द्या. आणि ह्यांना नाक्यावर उतरू देऊ नका."

घरी आल्यावर उरलेल्या लसणाची तिनं शेंगदाणे घालून चटणी कुटली, आणि त्या चटणीबरोबर मी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.