सुनेनं बसवलेलं टर्मिनल

माझा टेम्पो भंगारात द्यायचं माझ्या मुलानं मुंबईत बसून ठरवलं आणि मला फोनवर सांगून टाकलं. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. मी डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले, मग हातगाडी केली, मग हा जुना टेम्पो घेतला आणि चाळिशी उलटल्यावर तो चालवायला शिकले. बंदरावरच्या लिलावात मासळी उचलायची आणि पाली, लांज्याच्या बाजारात नेऊन विकायची. टेम्पो गेला की मी घरी बसणार, हे मुलालाही माहीत होतं. त्याला तेच हवं होतं.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गाडी दगा देत होती. किल्ली फिरवली की ‘कट’ असा एक आवाज यायचा, दिवे मिणमिणायचे आणि पुढं काही नाही. मग मी उतरून चिऱ्याच्या तुकड्यानं बॅटरीच्या टर्मिनलवर दोन ठोके घालायची. बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या असतात. वायरीच्या टोकाचे जे चिमटे त्या खुंट्यांवर आवळतात, ते टर्मिनल. जुन्या गाडीवाले त्यातलं एक संध्याकाळी उपटून ठेवतात, म्हणजे रात्रीत बॅटरी उतरत नाही. मीही इतकी वर्षं तेच केलं. संध्याकाळी पिळून काढायचं, सकाळी ठोकून बसवायचं. वर खोक्यांतून गळणारं खारं पाणी. टर्मिनल सैल झालं तेव्हा मी मध्ये डब्याच्या पत्र्याची पट्टी कोंबली, आणि त्या पट्टीनंही बरेच दिवस काढले.

शिमग्याला मुलगा येणार होता आणि भंगारवाल्याला घरी बोलावणार होता. त्याच्या आधी मी सुनेला घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. नवरा मुंबईत असला तरी ती माझ्याकडे राहते आणि धंद्यात माझ्याबरोबर असते.

दुकानदारानं गल्ल्यावरून न उठताच सांगितलं, “मावशी, बॅटरी मेली. नवीन टाका.”

“तू वैद्य काय रे? नाडी न बघता मेली म्हणतोस?”

“मग पिंड ठेवून बघा. कावळा शिवला की कळंल.”

माझं डोकं फिरलं. मी त्याला चार शब्द सुनावले आणि पायऱ्या उतरले. मागं सून शांतपणे म्हणत होती, “दादा, कावळा राहू दे. मीटर लावा ना जरा.”

तो कुरकुरत टेम्पोपाशी आला. मीटर लावला, आकडा बघितला आणि पुन्हा लावून बघितला. बॅटरी ठणठणीत होती.

“मग पितळी टर्मिनल द्या दोन,” सून म्हणाली. “एक जाड खुंटीचं, एक बारीक खुंटीचं.”

त्यानं दिली, आणि वर ग्रीसची छोटी डबी आपणहून ठेवली. त्या दुकानात मी आजवर भांडून पुष्कळ काही मिळवलंय, पण न मागता त्यानं मला साधा स्क्रूसुद्धा दिलेला नाही.

सुनेचे वडील चिपळूणला रिक्षा चालवायचे. घरच्या अंगणात रिक्षा दुरुस्त होताना बघत ती वाढली. आम्ही घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि पाना घेऊन बसली. “आधी मायनसचं काढायचं, आई. प्लसचं आधी सोडलं आणि पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते.”

माझी पत्र्याची पट्टी बाहेर आली, काळी आणि कुरतडलेली. तिनं ती नुसती बाजूला ठेवली, हसली नाही. खुंट्यांवर हिरवट पांढरा खार चढला होता. त्यावर तिनं खायच्या सोड्याचं गरम पाणी ओतलं, तसा तो फसफसून सुटला. मग पुसून, पॉलिश पेपरनं घासून खुंट्या लख्ख केल्या. वायरीचं टोक मात्र आतून सडलेलं होतं. ती ते कापायला निघाली तेव्हा मी ओरडले, “नको गो, वायर पुरायची नाही.”

“सडकं ठेवून काय करायचं? मासळीत ठेवतो का आपण?”

तांब्याच्या तारा चकचकीत दिसेपर्यंत तिनं कापलं. वायर खरंच आखूड पडली. मग ती टेम्पोखाली सरपटत गेली, जिथं वायर पट्टीनं बांधली होती तिथं ती मोकळी केली, आणि हवी तेवढी ढील घेऊन आली. आधी प्लस बसवलं, मग मायनस. “आता हलवून बघा.”

मी दोन्ही हातांनी पिळलं. तसूभर हललं नाही.

“आता रोज उपटू नका.”

“आणि बॅटरी उतरली म्हणजे?”

“ती उतरत नव्हतीच, आई.”

हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्या सगळ्या कामात तिनं एकदाही काही ठोकलं नाही, हे मी बघत होते. वरून ग्रीस लावून तिनं हात धुतले आणि भात टाकायला गेली.

शिमग्याला मुलगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवालाही दारात हजर. मुलानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

“आज झाली. उद्याचं काय?” मुलगा म्हणाला.

भंगारवाल्यानं मात्र कान टवकारले. “चालू असंल तर भाव वेगळा लागंल,” म्हणाला आणि त्यानं भाव सांगितला. तो कमी होता. लिलावात जन्म गेलेली बाई मी. पडका भाव ऐकून मला गप्प बसता येत नाही.

“एवढ्यात टायर तरी येतात काय रे?”

तो थोडा चढला. मी त्याच्या अकलेवर बोलले, तो आणखी चढला. तो जायला निघाला, मी त्याला जाऊ दिलं, तो परत आला. मुलाचा चेहरा खुलत होता आणि मलाही रंग चढला होता. आणखी एक बोली, आणि मी त्याच्या हातावर हात मारला असता.

सून मागं बर्फाची खोकी चढवत होती. तिथूनच तिनं विचारलं, “आई, पण टेम्पो विकायचा आहे का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग इतका वेळ माझं डोकं कशाला खाल्लंत?” भंगारवाला म्हणाला.

“तू बोली लावलीस म्हणून.”

तो पाय आपटत गेला. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले. मुलगा बायकोवर उखडला, “तू मध्ये कशाला बोललीस?”

“मी नुसतं विचारलं,” ती म्हणाली आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. “बोटी लागल्या असतील, आई.”

मुलगा गाडीपुढून हलेना. मी खिडकीतून डोकं काढलं.

“साहेब, बंदरावर यायचं तर मागं चढा. खोकी धरायला माणूस लागतो.”