वन्संनी दुरुस्त केलेली बाही

आमच्या वन्संनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले आणि एकसष्टाव्या वर्षी मशीन झाकून चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. मास्तर त्यांच्या मुलाच्या वयाचे. शिकवायची रीत एकच: संग्रहालयात जायचं, जुन्या मोठ्या चित्रकारांचं एखादं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवायचं. स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं. पहिली नक्कल पसंत पडली तरच तिथं बसायचा परवाना पुढे चालू.

वन्संनी खुर्चीतल्या एका बाईचं चित्र धरलं. तीन महिने दर मंगळवारी डबा घेऊन गेल्या. चेहरा साधला, खुर्चीच्या हातावरचा तिचा डावा पंजाही साधला. मास्तरांनी नेमकं खांद्यावर बोट ठेवलं.

"मावशी, मूळ बाही अशी नाही."

"नाहीच. चित्रकाराची चुकली होती. मुंढ्याशी चुण्या पडत होत्या, मी काढल्या."

"तीनशे वर्षांत कुणाला चूक दिसली नाही!"

"बघणाऱ्यांत शिंपी नसेल कुणी."

मास्तर हसले नाहीत. "मंगळवारपर्यंत चुण्या परत हव्यात. नाहीतर परवाना बंद."

वन्सं फणफणत घरी आल्या. "असली बाही गिऱ्हाइकाला दिली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती!" जुनी चादर फाडून त्यांनी तशीच बाही बेतली, शिवली आणि माझ्या हातात चढवली. "बस. पंजा खुर्चीच्या हातावर ठेव."

एक चुणी पडेल तर शपथ. चुण्या पाडायला मुंढा दोनदा उसवून झाला. माझी कंबर धरली.

"वन्सं, दूध गॅसवर आहे हो," म्हणत मी खुर्चीवर पंजा दाबून उठायला लागले.

"हलू नकोस!"

खांद्याशी चुण्या उमटल्या होत्या, चित्रातल्यासारख्या, एकूण एक.

"अगं, ती बसलेली नाहीच! उठायला लागलीय," वन्सं मटकन स्टुलावर बसल्या. "आणि मी मेलीनं तिला तीन महिने दाबून बसवलं."

"दूध..."

"उतू जाऊ दे. आणखी पाच मिनिटं."

मंगळवारी मास्तरांनी परवान्यावर सही केली. वन्सं म्हणाल्या, "त्या चित्रकाराला शिवण कळत होतं हो. मलाच माणूस दिसला नव्हता."

पुढचं चित्र वाकून बूट चढवणाऱ्या म्हाताऱ्याचं आहे. त्यासाठी वाकायला मी ह्यांना देऊन टाकलंय.